तीन पत्ती

तीन पत्ती हा बावन्न पानांच्या एका कॅटने साधारणतः तीन ते सात जणांत खेळला जाणारा पैजेचा खेळ आहे. प्रत्येक खेळाडूला तीन पाने झाकून वाटली जातात आणि ज्याची पाने वरच्या प्रतीची ठरतात, किंवा बाकी सर्वांनी माघार घेतल्यावर जो एकटा टिकून राहतो, तो मध्यभागी जमलेली रक्कम घेतो. महाराष्ट्रात हा खेळ 'तीन पानी' आणि 'फ्लश' या नावांनीही ओळखला जातो. वृत्तपत्रांतील पोलीस कारवाईच्या बातम्यांत त्यासाठी 'तिरट' हा शब्द वाचावयास मिळतो.

पोकरच्या कुळातील हा खेळ असला, तरी एका बाबतीत तो त्या कुळातील ड्रॉ पोकरपासून वेगळा पडतो. ड्रॉ पोकरमध्ये नको असलेली पाने टाकून नवी घेता येतात; तीन पत्तीत हाती आलेली पाने डाव संपेपर्यंत तीच राहतात. खेळाडूकडे निर्णय उरतो तो केवळ पैजेचा. या खेळाचे बहुतेक नियम, घरोघरी होणारे वाद आणि कायद्याने त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी या एका गोष्टीतून समजू शकते.

उगम

इंग्लंडमधील 'ब्रॅग' या तीन पानांच्या जुन्या खेळापासून तीन पत्ती निघाली आणि ब्रिटिश अमदानीत ती भारतात रुजली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दोन्ही खेळांतील प्रतींचा क्रम आणि पाने न पाहता खेळण्याची सवलत यांत मोठे साम्य आहे. फरक आहे तो तपशिलात. उदाहरणार्थ, ब्रॅगमध्ये तीन तिऱ्या ही सर्वोच्च पाने मानतात, तर तीन पत्तीत तो मान तीन एक्क्यांना आहे.

महाराष्ट्राला पत्त्यांचा परिचय त्याआधीपासून होता. सावंतवाडीची लाकूडकाम व लाखकामाची परंपरा ज्या गंजिफांसाठी प्रसिद्ध आहे, त्यांतील दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. मात्र गंजिफा हा हात जिंकण्याचा खेळ आहे. त्याचे नाते मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन या खेळांशी जुळते, तीन पत्तीशी नाही.

पाने आणि त्यांची प्रत

खेळात जोकर घेत नाहीत. एक्का सर्वांत मोठा, त्याखाली बादशहा, राणी, गुलाम, दश्शी असे उतरत दुर्रीपर्यंत येते. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर या चारही रंगांना सारखाच मान आहे. येथे हुकूम नसतो. हिंदीचा शेजार असलेल्या पूर्व विदर्भात रंगांची 'हुकूम, पान, ईंट, चिडी' ही नावेही कानी पडतात, त्यामुळे 'हुकूम' म्हणजे इस्पिक की तुरुपाचा रंग, असा घोळ नवख्याचा होऊ शकतो.

सर्वांत वरची प्रत म्हणजे ट्रेल, अर्थात एकाच किमतीची तीन पाने. त्याखाली प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची लागोपाठची तीन पाने. मग साधा सिक्वेन्स, ज्यात रंग वेगवेगळे चालतात. त्यानंतर कलर, म्हणजे लागोपाठ नसलेली पण एका रंगाची तीन पाने. त्याखाली जोडी, आणि यांपैकी काहीच नसेल तर सर्वांत मोठ्या पानावर निर्णय होतो. दोघांची मोठी पाने सारखी निघाल्यास दुसरे पान पाहतात, तेही सारखे असेल तर तिसरे. जोडी जोडीसमोर आल्यास आधी जोडीची किंमत आणि ती सारखी असेल तर उरलेले पान पाहतात.

सिक्वेन्समध्ये एक्का दोन्ही टोकांना चालतो: एक्का-बादशहा-राणी आणि एक्का-दुर्री-तिर्री. या दोहोंपैकी थोरला कोणता, याविषयी एकवाक्यता नाही. काही मंडळींत एक्का-बादशहा-राणी सर्वोच्च आणि एक्का-दुर्री-तिर्री दुसरा असतो, काहींत याच्या उलट. डाव सुरू होण्यापूर्वी ठरवून घ्यावयाच्या गोष्टींत हिचा क्रमांक पहिला लागतो, कारण असे दोन सिक्वेन्स समोरासमोर येतात तेव्हा मध्ये जमलेली रक्कम सहसा लहान नसते.

बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे संच होतात. त्यांपैकी ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६ आणि जोड्या ३,७४४ आहेत. उरलेल्या १६,४४० संचांत काहीही जुळत नाही. म्हणजे चारांपैकी जवळजवळ तीन वेळा खेळाडूच्या हाती साधी जोडीसुद्धा नसते. या आकड्यांतून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ असूनही त्याच्याखाली ठेवला गेला आहे. गणिताच्या हिशेबाने हा क्रम उलटा हवा होता, पण परंपरेने तीन एक्क्यांचा मान राखला. दुसरी अशी की, पाच पानांच्या पोकरमध्ये एकाच रंगाची पाने लागोपाठच्या पानांवर मात करतात, तीन पत्तीत मात उलट घडते. यात विसंगती नाही. पाच पानांत साधे सिक्वेन्स १०,२०० आणि एका रंगाचे संच ५,१०८ होतात, म्हणून तेथे रंग भारी. तीन पानांत सिक्वेन्स कमी आणि कलर जास्त, म्हणून येथे सिक्वेन्स भारी. पोकर खेळून आलेला पाहुणा आणि घरची मंडळी यांच्यात पहिला खटका बहुधा याच ठिकाणी उडतो.

डावाची रीत

वाटणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जण ठरलेली सारखी रक्कम मध्ये ठेवतो. तिला 'बूट' म्हणतात. पाने पिसून, शेजाऱ्याकडून कापून घेऊन, एकेक करून तीन फेऱ्यांत झाकलेली वाटली जातात. वाटणाऱ्याच्या शेजारचा खेळाडू आधी खेळतो. फेरी डावीकडून फिरवावी की उजवीकडून, हे प्रत्येक घरी आपापल्या वहिवाटीप्रमाणे ठरलेले असते.

पाळी आलेल्या खेळाडूपुढे प्रथम प्रश्न असतो तो पाने पाहावीत की नाही, हा. न पाहता खेळणाऱ्याला 'ब्लाइंड' आणि पाहून खेळणाऱ्याला 'सीन' म्हणतात. एकदा पाने पाहिली की पुन्हा ब्लाइंड होता येत नाही. ज्याला खेळायचे नाही तो 'पॅक' करतो, म्हणजे पाने न दाखवता खाली ठेवतो. त्याने आतापर्यंत मध्ये टाकलेली रक्कम तेथेच राहते.

पैजेला, म्हणजे 'चाली'ला एक चालू दर असतो. आरंभी तो बुटाइतका असतो. ब्लाइंड खेळाडू चालू दराइतकी किंवा फार तर त्याच्या दुप्पट रक्कम टाकू शकतो, आणि त्याने टाकलेली रक्कम हाच पुढचा चालू दर होतो. सीन खेळाडूला कमीत कमी दुप्पट आणि जास्तीत जास्त चौपट टाकावी लागते. त्याच्या रकमेच्या निम्मी रक्कम पुढचा दर ठरते. थोडक्यात, पाने पाहण्याची किंमत दुप्पट चाल ही आहे. जो अंधारात खेळतो त्याला खेळ स्वस्त पडतो, आणि ज्याला माहिती हवी त्याला ती विकत घ्यावी लागते. या एका तरतुदीने खेळाला जी गंमत आणली आहे, ती पोकरच्या बहुतेक प्रकारांत आढळत नाही.

साइड शो आणि शो

सीन खेळाडू आपली चाल टाकल्यावर, आपल्या लगेच आधी खेळलेला खेळाडूही सीन असेल तर, त्याच्याकडे 'साइड शो' मागू शकतो. समोरच्याने मान्य केल्यास दोघे एकमेकांची पाने गुपचूप पाहतात आणि ज्याची हलकी असतील तो पॅक होतो. पाने अगदी बरोबरीची निघाली तर मागणाऱ्याने पॅक व्हावे, असा संकेत आहे. साइड शो नाकारण्याचा अधिकार समोरच्याला असतो. ब्लाइंड खेळाडूकडे साइड शो मागता येत नाही.

शेवटी दोघेच उरले की त्यांच्यापैकी कोणीही आपल्या पाळीला 'शो' मागू शकतो. मागणारा ब्लाइंड असल्यास चालू दराइतकी आणि सीन असल्यास त्याच्या दुप्पट रक्कम भरून पाने उघडली जातात. शोमध्ये बरोबरी झाली तर शो मागणारा हरतो. तिघे किंवा अधिक जण खेळात असताना शो मागता येत नाही.

नमुना डाव

चौघे खेळत आहेत आणि पैशांऐवजी चिंचोके वापरले आहेत असे समजू. बूट दोन चिंचोक्यांचा, म्हणून मध्ये आठ. पहिला ब्लाइंड राहून दोन टाकतो (१०). दुसराही ब्लाइंड, पण तो चार टाकतो (१४). चालू दर आता चार. तिसरा पाने पाहतो, त्याच्याकडे बादशहाची जोडी आहे. सीन म्हणून तो किमान चाल आठ टाकतो (२२). आठाचे निम्मे चार, म्हणून दर तोच राहतो. चौथा पाने पाहून पॅक करतो. पहिला ब्लाइंडच राहून चार टाकतो (२६). दुसरा आता पाने पाहतो. त्याला बदामाचा कलर लागला आहे. तो आठ टाकतो (३४). तिसरा पुन्हा आठ टाकून (४२) दुसऱ्याकडे साइड शो मागतो. जोडीवर कलर भारी, म्हणून तिसरा पॅक. पहिला ब्लाइंडच आहे. तो चार भरून (४६) शो मागतो, पाने उघडली जातात आणि दुसरा ४६ चिंचोके घेतो.

या डावात सर्वांत जास्त, म्हणजे अठरा चिंचोके, गमावले ते बादशहाची जोडी असलेल्या तिसऱ्याने. ज्याने पाने पाहिलीच नाहीत त्याचे बारा गेले. तीन पत्तीत खरा तोटा वाईट पानांनी होत नाही, कारण ती लगेच टाकता येतात. तो होतो बऱ्यापैकी पानांनी. पाच जण खेळत असतील, तर उरलेल्या चौघांपैकी निदान एकाकडे जोडी किंवा त्याहून वरचे काही असण्याची शक्यता ढोबळमानाने दहात सात इतकी आहे. आपली जोडी पाहून हरखलेला खेळाडू हे सहज विसरतो.

पैजेची वाढ आणि मर्यादा

वरील नियमांनुसार प्रत्येक पाळीला चालू दर दुप्पट होऊ शकतो. पाच जणांच्या दोन फेऱ्या, म्हणजे दहा पाळ्या, सगळ्यांनी चढ्या चाली खेळल्या तर एक रुपयाचा दर १,०२४ रुपयांवर पोहोचतो, आणि सीन खेळाडूची किमान चाल २,०४८ रुपये होते. एक रुपयाचा बूट लावून बसलेल्या मंडळींपैकी फार थोड्यांनी हा हिशेब आधी केलेला असतो.

म्हणून घरगुती खेळात दोन मर्यादा ठरविण्याची पद्धत आहे: एका चालीची कमाल रक्कम, आणि मध्ये जमणाऱ्या एकूण रकमेची कमाल. दुसरी मर्यादा गाठली की चाली थांबतात आणि उरलेल्या सर्वांनी पाने उघडायची असतात. ब्लाइंड किती फेऱ्यांपर्यंत राहता येईल, हेही काही ठिकाणी ठरलेले असते. अनेक घरांत पैशाला फाटाच देऊन चिंचोके, शेंगा, बटणे किंवा आगपेटीच्या काड्या वापरतात. खेळाची रंगत यात किती कमी होते याविषयी मतभेद असले, तरी मुले शेजारी बसलेली असताना वडीलधाऱ्यांना हीच पद्धत सोयीची वाटते. उधारीवर चाल खेळू देऊ नये, हा नियम मात्र जाणत्या घरांत कटाक्षाने पाळला जातो. समोर जेवढे आहे तेवढ्याचाच खेळ.

ड्रॉ पोकरशी तुलना

ड्रॉ पोकर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला. त्यात प्रत्येकी पाच पाने झाकून वाटतात, पैजेची एक फेरी होते, मग प्रत्येक खेळाडू नको असलेली पाने टाकून तितकीच नवी घेतो, पैजेची दुसरी फेरी होते आणि शेवटी पाने उघडतात. घरगुती खेळात तीनपर्यंत पाने बदलण्याची मुभा असते. एक्का राखून तो दाखवणाऱ्याला काही ठिकाणी चारही बदलू देतात. 'जॅकपॉट' या प्रकारात निदान गुलामाची जोडी असल्याखेरीज पहिली पैज लावता येत नाही आणि डाव उघडणाऱ्याला ती जोडी नंतर सिद्ध करून दाखवावी लागते. 'लोबॉल' या प्रकारात सर्वांत हलकी पाने जिंकतात.

पाने बदलण्याचा लाभ किती, हे मोजता येते. जोडी ठेवून तीन पाने बदलली तर हात सुधारण्याची शक्यता सुमारे २८.७ टक्के असते. एका रंगाची चार पाने ठेवून पाचव्याची वाट पाहणाऱ्याला ४७ पानांपैकी ९ उपयोगी, म्हणजे सुमारे १९ टक्के. दोन्ही टोकांनी पुरी होऊ शकणाऱ्या चार लागोपाठ पानांना ८ पाने चालतात, तर मधले एकच पान हवे असेल तर केवळ ४. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, कोणी किती पाने बदलली हे सर्वांना दिसते. तीन बदलणाऱ्याकडे बहुधा जोडी आहे, एक बदलणारा काहीतरी पुरे करू पाहतो आहे, आणि एकही न बदलणारा एक तर भरलेला आहे किंवा तसा आव आणतो आहे. तीन पत्तीत समोरच्याविषयी असा सुगावा मिळत नाही. तेथे दिसते ते एवढेच: त्याने पाने कधी पाहिली आणि पाहिल्यावर चाल किती टाकली.

प्रकार

तीन पत्तीचे घरगुती प्रकार असंख्य आहेत आणि वाटणाऱ्याने आपल्या पाळीला प्रकार जाहीर करावा, अशी प्रथा आहे. 'मुफलिस' मध्ये सर्व क्रम उलटतो आणि सर्वांत हलकी पाने जिंकतात. वेगवेगळ्या रंगांची पंजी-तिर्री-दुर्री ही तेथे सर्वश्रेष्ठ. 'बेस्ट ऑफ फोर' मध्ये चार पाने वाटून त्यांतील उत्तम तीन धरतात. ड्रॉ पोकरमधील निवडीच्या जवळ जाणारा हा प्रकार आहे. '९९९' मध्ये एक्का एक आणि चित्रपाने व दश्शी शून्य धरून तीन पानांची तीन अंकी संख्या बनवतात. ९९९ च्या सर्वांत जवळ जाणारा जिंकतो.

जोकरचे प्रकारही पुष्कळ आहेत. कधी वाटणीनंतर एक पान उघडून त्या किमतीची बाकी पाने जोकर धरतात, कधी प्रत्येकाच्या हातातील सर्वांत लहान पान हाच त्याचा जोकर असतो. 'एके-४७' मध्ये एक्का, बादशहा, चव्वी आणि सत्ती ही सोळा पाने जोकर होतात. यात तीन पानांत निदान एक जोकर येण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के असते, आणि एक जोकर आला की जोडी तरी झालीच. साहजिकच, साध्या खेळात जी जोडी पुष्कळदा डाव जिंकून देते तिला येथे काही मोल उरत नाही. जोकरचे डाव साध्या डावाच्या अंदाजाने खेळणाऱ्याचे नुकसान होते ते यामुळे.

सण आणि प्रदेश

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला 'द्यूतप्रतिपदा' असेही नाव आहे. शिवपार्वतींच्या द्यूताची कथा त्या दिवसाशी जोडलेली आहे. दिवाळीत पत्ते खेळण्याच्या प्रथेला हा आधार सांगितला जातो. विदर्भात पोळ्याच्या सुमारासही पत्त्यांना जोर चढतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या मुलखात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटके होतात आणि घरे पाहुण्यांनी भरून जातात. सडक अर्जुनी, कोहमारा, नवेगावबांध या बाजूचा प्रदेश याच पट्ट्यात मोडतो. धान निघण्याच्या दिवसांत हातात चार पैसे असतात, आणि घरच्या सतरंजीवरचा चिंचोक्यांचा डाव व गावाबाहेरच्या झाडाखालचा पैशांचा डाव यांतील अंतर याच दिवसांत कमी होते. झाडाखालच्या डावांत तीन पत्तीखेरीज कटपत्ता, एक्का-बादशहा, झन्नामन्ना असे अधिक झटपट निकालाचे खेळही असतात. त्यांत चाल, पॅक वा शो असे काही नसल्याने माघार घेण्याची सोयही नसते.

कायदा

महाराष्ट्रात जुगाराचे नियमन १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाने होते. तो आता महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम या नावाने ओळखला जातो. जुगाराचा अड्डा चालवणे, अशा अड्ड्यावर खेळताना सापडणे आणि सार्वजनिक जागी जुगार खेळणे हे त्याखाली गुन्हे आहेत. अड्डा ठरताना जागेच्या चालकाला त्यातून लाभ होतो का, हा मुद्दा महत्त्वाचा असतो. जिंकणाऱ्याच्या रकमेतून कापल्या जाणाऱ्या चालकाच्या हिश्शाला 'नाल' म्हणतात. नाल घेतली जाऊ लागली की घरगुती बैठक घरगुती राहत नाही. केवळ कौशल्याच्या खेळांना अधिनियमाच्या कलम १३ ने वगळले आहे.

तीन पत्तीला ही सवलत मिळत नाही. सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९६७ रोजी दिलेल्या निकालात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान राखावे व कोणते टाकावे याला कसब लागते, असे कारण न्यायालयाने दिले. त्याच निकालात 'फ्लश', 'ब्रॅग' आदी नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ हा निव्वळ नशिबाचा असल्याचे म्हटले आहे. कोणी किती चाल टाकावी आणि कधी पॅक करावे यातही कसब असते, हा खेळाडूंचा नेहमीचा युक्तिवाद. परंतु टाकण्या-घेण्याला जागाच नसलेल्या खेळात हे कसब पानांचे नसून पैशाचे आहे.

गोव्यात परवानाप्राप्त कॅसिनोंमध्ये तीन पत्तीची मेजे असतात. महाराष्ट्रात कॅसिनोंसाठी १९७६ साली कायदा झाला होता, पण तो कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द करण्यात आला. मोबाइलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या तीन पत्तीला संसदेने २०२५ साली संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने मनाई केली. त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद ठेवलेला नाही, त्यामुळे पैशांची ऑनलाइन रमीही त्याच कक्षेत आली.

चित्रपटात

लीना यादव दिग्दर्शित 'तीन पत्ती' हा हिंदी चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. अमिताभ बच्चन यांनी त्यात संभाव्यतेवर संशोधन करणाऱ्या गणिताच्या प्राध्यापकाची भूमिका केली असून बेन किंग्जली हेही त्यात आहेत.